काकांचा राजीनामा आणि समोसे

अरे, आमच्या बेलवलीच्या सोसायटीत मतदान वगैरे काही नसतं, टाळ्या पडल्या की ठराव पास. चेअरमन पाटीलकाका दर वर्षीच्या सभेत म्हणणार, "बास, आता मला मोकळं करा." मग आम्ही "नाही काका, तुम्हीच!" म्हणत टाळ्या वाजवायच्या.

गेल्या वर्षी ते हे म्हणाले आणि नेमके गरम समोसे आले. टाळ्यांचा नुसता कडकडाट! सेक्रेटरीने लिहूनही टाकलं, 'राजीनामा मंजूर.'

काका ओरडले, "अहो, टाळ्या समोशांना होत्या!"

"बरं," सेक्रेटरी म्हणाला, "काकाच हवे असतील तर वाजवा टाळ्या."

एक टाळी नाही! सगळ्यांच्या एका हातात समोसा, दुसऱ्यात चहा. काकांचा चेहरा पडला. तेवढ्यात मागून काकू कडाडल्या, "आधी कप-समोसे खाली ठेवा रे!" मग काय, हॉल दणाणला.

यंदा समोसे संपेपर्यंत काकांनी तोंडच उघडलं नाही.