काळ्या वाळूतला उखाणा

मला आधी खटकल्या त्या ह्यांच्या चपला. लग्न होऊन महिना झाला नव्हता, ह्यांची बदली अंदमानात. तिथल्या ज्वालामुखीच्या ओसाड बेटावर आम्ही होडीतून गेल्तो. वाळू आपल्या रानातल्या मातीसारखी काळी. पाण्याच्या काठाला चपला होत्या, हे मात्र कुठंच नव्हते.

"अहो, अहो," मी ओरडले. लाटांपुढं ते कुणाला ऐकू जाणार? नावच घ्यावं लागणार होतं. पण उखाण्याशिवाय मी ते कधी घेतलंच नव्हतं. कॉलेजात शिकलेली मी, रडत रडत सगळा उखाणा म्हटला:

"आष्टीच्या वाटेवर मोसंबीची बाग, मनोहररावांचं नाव घेते, नका धरू राग."

खडकामागून आवाज आला, "राग कशाचा? तुझ्यासाठी शिंपले येचून राह्यलो. पुन्हा म्हण, नाव बराबर ऐकू आलं न्हाई."