आबाशेटांच्या मोटारीचं तेल

आबाशेटांची मोटार पावस गावाहून भाट्याच्या तरीपर्यंत, खाडीपलीकडे नेणाऱ्या होडीपर्यंत जायची. पौषातल्या त्या सकाळी ती माडांच्या सावलीतून हलेना. बॉनेट उघडून धोंडू ड्रायव्हर इंजिनाला कान लावून उभा होता. माझ्या शेजारी मुंबईची बोट गाठायला निघालेल्या यमुनाबाई होत्या.

"आबाशेट, ऐकलंत? आत कुणी सुपारी कातरत बसल्यासारखा आवाज येतोय."

"पेट्रोलात पाणी असेल, धोंडू."

"पेट्रोल नाही हो, तेल! वरपर्यंत चढतच नाहीये."

"काल जुनं काढून मी स्वतः ताजं भरलंय."

"मग ही सळई बघा. तेल कुठलं, पांढरं लोणी लागलंय."

"इकडे आण रे धोंडू. अगो बाई, हे तर खोबरेल! थंडीनं थिजलंय."

"आमच्याच माडांचं आहे, यमुनाबाई. घाण्यावरचं. भेसळ औषधाला नाही."

"बोट चुकली ना, तर तुमच्याच डोक्यावर थापीन हे!"

"मोटार उन्हात लोटू. घटकाभरात पातळ होईल."

"पातळ होऊन काय उपयोग, आबाशेट? डब्यातलं विलायती तेल कुठाय?"

"ते आईच्या गुडघ्यांना लावलं."

"इंजिनाचं तेल? गुडघ्यांना?"

"उठता-बसता कटकट वाजायचे रे बिचारीचे. चार दिवस चोळलं, आवाज बंद!"

"अहो, पण त्यांनाही आजच्याच बोटीनं जायचं होतं ना? आहेत कुठे त्या?"

"मोटारीचा भरवसा नाही म्हणाली, यमुनाबाई. पहाटेच चालत निघाली. एव्हाना तरीवर पोचली असेल."