तीनदा उकळलेलं

सामोआतल्या सालेलोलोगाच्या धक्क्यावर अपियाकडे जाणाऱ्या बोटीसाठी रांग लागली होती. माझ्यापुढे मोएलांगी आणि तिची नणंद लोसा बोलत उभ्या होत्या.

“वहिनी, पिशवी एवढी जड कशाने?”

“पाणी आहे. माझ्या सेफोसाठी.”

“अगं, दवाखान्यात पाणी मिळतं की!”

“मिळतं. पण हे मी तीनदा उकळलंय.”

“त्याला टायफॉइड आपल्या टाकीच्याच पाण्याने झाला म्हणतेस? आपण तर रोज तेच पितो.”

“आपल्याला सवय आहे गं. तो ऑकलंडहून आलेला. विकतच्या बाटल्या आणत होता, चार दिवस त्याच पाण्यावर होता.”

“मग?”

“त्या रविवारी पाद्रीबाबा जेवायला आले होते. मी त्यांच्यासमोर म्हटलं, ‘याच पाण्यावर वाढलास, आता आईचं पाणी विष झालं होय रे?’”

“अगं बाई! मग?”

“गुपचूप पेला रिकामा केला त्याने. वर माझं मन राखायला आणखी एक मागितला.”

“आता कसा आहे?”

“ताप उतरतोय. काल माझ्या हातचं पाणी प्यायला.”

“सुटलीस बाई. राग नाही ना धरला त्याने?”

“छे गं. फक्त पेला तोंडाला लावायच्या आधी विचारतो, ‘आई, पिऊ ना?’”