कबरीवरची धोंड

...नाही, मी म्हणतो, या फोनला मधेच तोंड घालायची खोड लावली कुणी? तुम्हाला सांगतो, मी चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांना विचारायचं, "आता स्पष्ट दिसतंय?" आणि घरी सख्खी आई, नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी पार अधू! म्हणून रोज संध्याकाळी तिला बायबलातलं शुभवर्तमान मी वाचून दाखवायचं. तिचं जुनं पुस्तक सोडून फोनवर. का? तर अक्षर मोठं करता येतं! अक्षर मोठं होतं हो, पण त्याच्या डोक्यावर सारखं काहीतरी टपकतं, त्याचं काय?

तिकडे प्रभू येशूला धरून नेलंय, त्याचा शिष्य पेत्र शेकोटीपाशी घाबराघुबरा झालाय, आणि वरून टपकन... कुणाच्या तरी मांजरीचा वाढदिवस! "दोनच मिनिटं, आई." त्या दोन मिनिटांत मांजर, मांजरीचा केक, केक करणारी बाई, त्या बाईचं नवऱ्याशी भांडण... वर मान केली की आई आपली हात जोडून तशीच बसलेली. एकदा तर त्याच गंभीर आवाजात वाचून गेलो, "आणि तो त्यांना म्हणाला, फक्त आजच, चपलांवर निम्मी सूट!" आई म्हणाली, "असं म्हणाला होय? माझ्या वेळी नव्हता बाई म्हणाला." खूप हसलो दोघं. मला वाटलं, छान चाललंय की.

मग तिनं अंथरूण धरलं. चर्चचे पाळकसाहेब प्रार्थना करून गेले, तसं तिनं माझं मनगट पकडलं. "मला प्रभू कबरीतून उठला त्या पहाटेपर्यंत ने रे. कबरीवरची धोंड सरकलेली ऐकते, मग जाते." पाठ होतं हो तिला सगळं! पण माझ्या तोंडून ऐकायचं होतं. केवढं मागणं? दोन पानं! वाचत वाचत प्रभूला कबरीत ठेवलं, दाराशी धोंड लोटली... आणि फोन वाजला. "दोनच मिनिटं, आई." सामना होता हो, अगदी शेवटाला आलेला! वर मान केली, तर हात जोडलेलेच होते.

प्रभू आत, धोंड जागच्या जागी, आणि माझी आई गेली.

पाळकसाहेब म्हणतात, "तिला आता ऐकायची गरज नाही, ती डोळ्यांनी बघतेय." बघत असेल. मला रडू आवरत नाही, त्याचं काय करू?

काल तिचं पुस्तक काढलं. फोन स्वयंपाकघरात, डब्यात, वर झाकण! तिच्या रिकाम्या खाटेशी बसलो, मोठ्यानं वाचायला लागलो. बाया कबरीकडे निघाल्या... आणि डब्यात घरघर! तुम्हाला सांगतो, मी उठलोसुद्धा. आणि दारातून मागं वळून त्या खाटेला म्हणालो काय?

"दोनच मिनिटं, आई."