उलटी टांगलेली फिल्म

अध्यक्ष महाशय, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, रुग्णालयातील माझे जुने सहकारी, आणि हारांच्या ओझ्याखाली बसलेली आजची सत्कारमूर्ती, म्हणजे माझी धाकटी बहीण,

आठ मार्च, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. साल सांगत नाही, दोघींची वयं निघतील. एक्स-रेच्या खोलीत मी अकरा वर्षांच्या एका मुलीची फिल्म उजेडावर लावली होती. आली होती खोकल्यासाठी. फुप्फुसं स्वच्छ, पण बरगड्यांच्या खालच्या कडा कुरतडल्यासारख्या. महाधमनी जन्मतः एका जागी आवळलेली असली, की रक्त आडवाटेने जातं आणि पायांपर्यंत कमी पोचतं. बरगड्यांखालच्या वाहिन्या फुगतात आणि हाड झिजवतात. मी धाकटीला बोलावलं. ती हृदयाची डॉक्टर, मी एक्स-रेची.

“पायाची नाडी बघ,” म्हटलं.

“ताई, तू खोकला बघ. हृदय माझ्याकडे आहे.”

“मग कधीतरी कामावर घेऊन येत जा.”

तिने नाडी चाचपली. जेमतेम लागली. पुढे स्कॅनमध्ये आवळलेला भाग दिसला, शस्त्रक्रिया झाली, पोरगी वाचली. आज ती पहिल्या रांगेत आहे. मघाशी तिने वाकून नमस्कार कुणाला केला, ते आपण पाहिलंच. मी शेजारच्याच खुर्चीत होते. पाय मलाही आहेत.

जळते मी, त्यात लपवायचं काय? आई आधी हिच्या वेण्या घालायची, तेव्हापासून जळते.

जिन्यापाशी ती फिल्म फ्रेममध्ये आहे. खाली पितळी पाटीवर ‘निदान’ आणि धाकटीचं नाव. फ्रेम तिनेच करवून घेतली. इतके डॉक्टर रोज तिथून जातात. फिल्म उलटी, म्हणजे मागची बाजू पुढे करून बसवली आहे, हे एकाला तरी दिसलं का? पोरीचं हृदय उजवीकडे गेलंय. जिने ही फिल्म वाचली, ती अशी लावेल का? आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, दुसरीच्या वहीतून उतरवताय तर सरळ तरी उतरवा. मी पहिल्याच दिवशी पाहिलं आणि गप्प बसले. जिना चढताना तेवढंच बरं वाटायचं.

धाकटे, तुझ्या हाताला यश आहे, हे मी कुठेही सांगेन. पण ती फिल्म कुणी वाचली, याचं लेखी उत्तर येत्या सोमवारी दुपारी बाराच्या आत माझ्या घरी यायला हवं. तोवर फ्रेमला कुणी हात लावू नये. उलटी आहे तोवर ती तुझी. सुलटी केलीत, तर पाटीही बदलावी लागेल.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला. धाकटीने मात्र घालू नये, उत्तर द्यावं.