चादरीच्या घडीवर माझा आक्षेप

फट्ट! …असा आवाज यायचा. तोसुद्धा चोरलाय की हो त्यानं! तुम्ही म्हणाल, आवाज कसा चोरता येतो? तर तुम्हाला सांगतो, मी सहा वर्षांचा असेन, एका टोकाला वडील, दुसऱ्या टोकाला आई, मधे ओली चादर, दोघांनी एकदम झटका द्यायचा, की फट्ट! तोंडावर बारीक तुषार उडायचे, आणि चादरीला सुरकुती म्हणून राहायची नाही. पुढं ती टोकं आम्हा दोघा भावांच्या हातात आली. तीस वर्षं आम्ही सरकारी दवाखान्याच्या चादरी धुतल्या, झटकल्या, घड्या घातल्या. आणि यंदा ते कंत्राट मिळालं कुणाला? धाकट्याला! माझ्या सख्ख्या धाकट्या भावाला!

मी जळत नाही हं. उगाच काही मनात आणू नका. मी फक्त आक्षेप घेतला.

झालं काय, दोन वर्षांपूर्वी तो मोठ्या आजारातून उठला आणि मला म्हणाला, "दादा, लाँड्रीच्या पाटीवर माझंही नाव टाक." मी म्हटलं, "अरे, पाटीवर जागा कुठाय?" तो पाटीकडं बघत राहिला… जागा होती हो. नावाखाली मी इस्त्रीचं चित्र काढून घेतलं होतं, चांगलं हातभर. तो कधीच काही बोलत नाही, हेच तर त्याचं वाईट! महिन्याभरात समोरच्या गल्लीत स्वतःची लाँड्री टाकली. आणि पाटी केवढी? दुकानापेक्षा मोठी!

आणि ते यंत्र! गोल काच आहे त्याला, आत कपडे फिरताना दिसतात, आवाज म्हणाल तर मांजराच्या घोरण्याएवढा. माझं यंत्र सुरू झालं की शेजारी खिडक्या लावून घेतात, त्याच्या यंत्रासमोर लोक खुर्च्या टाकून बसतात! आमची ही सुद्धा गेली बघायला. येऊन म्हणते कशी, "अहो, भावोजी नव्या शर्टात काय रुबाबदार दिसतात!" मी म्हटलं, "रंग उतरतोय त्या शर्टाचा." ती म्हणाली, "शर्टाचा की तुमच्या तोंडाचा?"

मी जळत नाही हं!

तर आक्षेप. म्हणजे दहा दिवसांत लेखी द्यायचं, की कंत्राट चुकीच्या माणसाला गेलंय. आता लिहिणार कोण? माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही चौथीच्या दारापर्यंत. मुलीला बसवलं. ती विचारते, "बाबा, कारण काय लिहू?"

"लिही, तो धाकटा आहे."

"हे कारण होत नाही बाबा."

"मग लिही, त्याला अनुभव नाही."

"काकांना? बाबा, जरा आठवून बघा बरं…"

"आठवायचंय काय त्यात? आणि दुसरं लिही, टेंडरसोबत त्यानं दिलेल्या नमुन्याच्या चादरीची घडी माझी आहे. आमच्या घराण्याची. ती त्यानं परस्पर वापरली."

मुलीनं कपाळाला हात लावला आणि लिहिलं.

दवाखान्याच्या कचेरीत सुनावणीला गेलो. लांबडी खोली, लांबडं टेबल, पलीकडं निकाल देणाऱ्या मॅडम, बाजूला कारकून, भिंतीवर एक घड्याळ, तेही मागं पडलेलं. धाकटा आधीच येऊन बसलेला. तोच शर्ट! माझ्याकडं बघून उठून उभा राहिला. बघा, लोकांसमोर चांगुलपणा दाखवायची हौस किती!

मॅडम म्हणाल्या, "आजोबा, आक्षेप काय?"

मी म्हटलं, "घडी बघा, मॅडम!"

कारकुनानं पाकीट फोडलं, धाकट्याची नमुन्याची चादर काढली, सगळी उलगडून टेबलावर पसरली. मॅडमनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "घडी तर आता मोडली," त्या म्हणाल्या. झालं! पुरावाच मोडला! मी म्हटलं, "राहू द्या, अनुभवाचं बोला. याला शंभर गुण आणि मला शून्य? तीस वर्षं तुमचे पेशंट माझ्या चादरीवर झोपले!"

तर मॅडमनी फाइलमधून एक कागद काढला आणि वाचला. "'दवाखान्याचं धुणं, डाग काढणं, इस्त्री, घड्या, हे सगळं काम पहिल्या दिवसापासून माझा धाकटा भाऊच करतो. मी नुसता गल्ल्यावर बसतो.' खाली सही आहे, लाँड्रीचा शिक्का आहे. सही कुणाची, आजोबा?"

…माझी.

आता कसं सांगू तुम्हाला. तो आजारी होता ना, त्याच दवाखान्यात, खिडकीजवळच्या खाटेवर, आपल्याच धुतलेल्या चादरीवर. भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "दादा, आयुष्यात मी केलं काय रे?" घरी आलो, मुलीला लिहायला बसवलं, शिक्का मारला, नेऊन त्याच्या हातात दिलं. पुढच्या आठवड्यात खाटेवरचे अभ्रे धुवायला काढले, तर त्याच्या उशीखाली तो कागद, चार घड्या घातलेला. मी होता तसा ठेवून दिला. आणि त्यानं तो टेंडरला जोडला! माणूस उशीखालचं असं सरकारदरबारी नेतो का हो?

मॅडम म्हणाल्या, "हे पत्र खोटं आहे असं लिहून द्या, मग मी फेरविचार करते."

एवढंच! एक ओळ लिहायची, की कंत्राट माझं. मी धाकट्याकडं पाहिलं. तो जमिनीकडं बघत होता. हात बघितले त्याचे… साबणानं, गरम पाण्यानं पांढरे पडलेले, बोटांच्या पेरांना चिरा. मग माझे बघितले. मऊ हो! गल्ल्यावर बसणाऱ्याचे.

"खरं आहे ते," मी म्हटलं.

"नीट ऐकू आलं नाही."

"खरं आहे, मॅडम! किती वेळा बोलायला लावता!"

मॅडमनी आक्षेप फेटाळला. तो विषय संपला. पण ती चादर! कारकून घडी घालतोय, पाकिटात जाईना. शिपाई आला, दोघांनी मिळून तिचं गाठोडं केलं. मला बघवेना. उठलो, एक टोक धरलं. वर पाहतो तर दुसरं टोक धाकट्याच्या हातात. फट्ट! मॅडमच्या टेबलावरचे कागद उडाले. चादर कोरडी होती, तरी माझ्या तोंडावर थेंब कुठून आले, कोण जाणे. मग तो चार पावलं पुढं, मी चार पावलं पुढं, त्याची टोकं माझ्या हातात, पुन्हा मागं, पुन्हा पुढं… शेवटची घडी त्यानं माझ्या तळव्यावर ठेवली, वरून हात फिरवून सुरकुती काढली, आणि निघून गेला.

मी जळत नाही हं. पण चालला कसा, तुम्हाला सांगतो… पाठीवर एक सुरकुती नाही हो त्या शर्टाला!