शिंपला उघडायचा नसतो

नाही, पण मला एक सांगा, आजाऱ्याला बघायला कुणी स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतं का?... हसू नका! हे बघा, मनगटाला सात टाके पडलेत, आणि ते एका शिंपल्यापायी! तुम्हाला सांगतो, मी हात उचलणारा माणूस नाही. घरात झुरळ निघालं तरी कागदावर घेऊन बाहेर सोडतो मी... पण त्या दिवशी मी मेहुण्याचा दात पाडला.

झालं काय, आमच्याकडे खाऱ्या पाण्याची काचेची टाकी आहे, बायकोची. मासे नाहीत बरं का, नुसते दगड, वाळू आणि हा जिवंत शिंपला, तळहाताएवढा, निळ्याशार मखमली कडांचा. सहा वर्षं जपलाय तिनं. चार दिवस बहिणीकडे निघाली, तर दारातून काय म्हणाली? 'त्याला काही झालं ना, तर या घरात एक तर मी राहीन, नाहीतर तुम्ही!' आणि हे हसत नाही म्हणाली हो!

दुसऱ्या दिवशी बघतो तर शिंपला मिटलेला! टाकीवर वाकलो, मिटलेला. तासाभरानं वाकलो, मिटलेलाच! ताट हातात घेऊन टाकीवर वाकून जेवलो, तरी तेच! माझ्या तर काळजाचं पाणी पाणी झालं. शिंपला घेतला त्या दुकानदाराला फोन लावला, तर तो जांभई देत म्हणतो, 'कडा आक्रसल्या असतील तर वीस मिनिटं गोड्या पाण्यात बुडवा, मग परत खाऱ्यात. नसतील तर काही करू नका.' अरे बाबा, पण कडा दिसायला तो उघडायला नको? शेवटी तिसऱ्या दिवशी मेहुण्याला बोलावलं. म्हटलं, काही बरंवाईट झालंच तर तिच्या माहेरचा एक साक्षीदार असावा. तिथंच चुकलं! कारण मेहुणा गाड्यांचा मेकॅनिक...

दोन बादल्या भरल्या, एक गोडी, एक खारी. वीस मिनिटं आम्ही दोघं गोड्या बादलीवर डोकी टेकवून उभे! मग खाऱ्या बादलीत सोडला, तरी हूं की चूं नाही. तर हा म्हणतो, 'दाजी, बॉनेट उघडल्याशिवाय इंजिन कळतं का? सरका, फट पाडतो!' आणि काढला ना स्क्रू ड्रायव्हर! म्हटलं, 'मरेल तो! हात लावशील तर याद राख!' तर म्हणे, 'शिंपला ताईचा आहे, तुमचा नाही!'

तुम्हाला सांगतो, मी हात उचलणारा माणूस नाही... पण धरली त्याची कॉलर! त्यानं गोड्या पाण्याची बादली माझ्या डोक्यात घातली, लोखंडी हो! मी टाकी साफ करायच्या जाळीचा दांडा हाणला त्याच्या तोंडावर, तो दात उडाला टाकीत. मग त्यानं मला उचललं, हा असा, गाडीचं चाक उचलावं तसा, आणि दिला टाकीवर फेकून! खळ्ळकन काच, दीडशे लिटर पाणी, दगड, वाळू, रक्त! त्या चिखलात आम्ही लोळतोय, मी त्याचे केस ओढतोय, तो माझा कान चावतोय... चावतोय हो, अक्षरशः! शेवटी दोघंही दमून आडवे, पण कॉलर सोडायला कुणी तयार नाही. आधी कोण सोडणार?

शेजारणीनं फोन केला असावा. संध्याकाळी बायको आली, आम्हाला ओलांडून तडक बादलीपाशी. आणि काय सांगू, शिंपला उघडा! पूर्ण! निळाशार, ठणठणीत!

'अहो, सावली पडली की मिटतो तो,' ती म्हणाली. 'दोन दिवस वर वाकून उभे होतात ना? आज तुम्ही दोघं खाली पडलात, तेव्हा कुठं बिचारा उघडला.' आणि दाराकडे बोट दाखवलं.

सध्या मेहुण्याकडेच आहे. त्याला चावता येत नाही, मला चमचा धरता येत नाही. तो भरवतो, मी गिळतो. मी हात उचलणारा माणूस नाही हो, खरंच नाही... काल धीर करून बायकोला फोन लावला, म्हटलं, 'अगं, येऊ का घरी?' तिकडून कुजबुजली,

'हळू बोला हो... मिटला बघा परत!'

ठेवला फोन.